कॉकटीलचे छुपे रंग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या कॉकटील (तुऱ्याचे छोटे पोपट) जोडीतील व्हाइटफेस, म्हणजे पांढऱ्या चेहऱ्याचा नर आणि साधी करडी मादी यांची सर्व पिल्ले करडीच निघाली. नर देताना विक्रेत्याने फसवले असेल का?

उत्तर : नाही. व्हाइटफेस हा अप्रभावी गुण असल्याने तो दिसण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही तेच जनुक यावे लागते. आपल्या पिल्लांना ते फक्त नराकडून मिळाले आहे, म्हणजे ती सगळी स्प्लिट, अर्थात जनुक बाळगणारी पण रंग न दाखवणारी, आहेत. अशा दोन स्प्लिट पक्ष्यांची जोडी लावल्यास सरासरी चारांत एक पिल्लू व्हाइटफेस निघते. मात्र चारही पिल्ले करडी निघण्याची शक्यता ३२ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे एका विणीवरून निराश होऊ नये. व्हाइटफेस पिल्लू अंड्यातून बाहेर येतानाच ओळखता येते, कारण त्याची लव पिवळी नसून पांढरी असते.

प्रश्न : स्प्लिट जोडीची करडी पिल्ले '५० टक्के स्प्लिट' म्हणून विकली जातात. हे बरोबर आहे का?

उत्तर : हा आकडा चुकीचा आहे, आणि तो बाजारात सर्रास चालतो याचे आश्चर्य वाटते. सरासरी चार पिल्लांत एक शुद्ध करडे, दोन स्प्लिट आणि एक व्हाइटफेस असते. व्हाइटफेस दिसताच वेगळे काढले जाते, तेव्हा उरलेल्या तिनांपैकी दोन स्प्लिट, म्हणजे सुमारे ६७ टक्के. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने गोल बियांपासून वाढवलेल्या वाटाण्याच्या ५६५ रोपांपैकी ३७२ रोपांनी पुढे सुरकुतलेल्या बियाही दिल्या, तेही हेच प्रमाण. नेमका स्प्लिट कोण, हे नजरेने कळत नाही. त्यासाठी संशयित पक्ष्याची जोडी व्हाइटफेसशी लावावी. एक जरी व्हाइटफेस पिल्लू निघाले तरी तो स्प्लिट ठरला. स्प्लिट असूनही सलग पाच पिल्ले करडी येण्याची शक्यता ३२ मध्ये १ एवढीच असते.

प्रश्न : ल्युटिनो (पिवळट रंगाचा, लाल डोळ्यांचा) नर आणि करडी मादी यांची पिवळी पिल्ले सगळी माद्याच असतात, हे खरे का?

उत्तर : होय, मात्र मादी ल्युटिनोची वाहक नसावी अशी अट घालण्याचीही गरज नाही, कारण ती वाहक असूच शकत नाही. ल्युटिनोचे जनुक झेड गुणसूत्रावर असते. नराकडे दोन झेड असतात, मादीकडे एकच आणि तोही वडिलांकडून आलेला, म्हणून ते जनुक असले तर तिच्यात दिसतेच. त्यामुळे लाल डोळ्यांची पिल्ले माद्या आणि करडे नर स्प्लिट, असा हिशेब लागतो. 'स्प्लिट ल्युटिनो मादी' अशी जाहिरात दिसल्यास पैसे खिशातच ठेवावेत.

प्रश्न : रंग लवकर मिळवण्यासाठी सख्ख्या भावंडांची जोडी लावावी का?

उत्तर : शक्यतो नको. हवा तो रंग जसा दोन्हीकडून येतो, तसे दडलेले दोषही येतात. ल्युटिनो पक्ष्यांच्या तुऱ्यामागे दिसणारे टक्कल जवळच्या नात्यातील जोड्यांमुळेच पसरले. जोडीदार बाहेरच्या वंशातून आणावा, एक पिढी जास्त लागली तरी चालेल.