नवा अभ्यासक्रम आलाय. जुन्या शिक्षकांचा विरोध कसा मोडून काढावा?

मोडून काढू नका. आधी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर एक तास बसा.

मी पर्यवेक्षक असताना गणिताचा अभ्यासक्रम बदलला. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, सह्या झाल्या, प्रमाणपत्रं मिळाली. तरी एक ज्येष्ठ बाई जुन्याच पद्धतीने शिकवतात अशी ओरड होती, म्हणून मी त्यांच्या तासाला बसलो. बाईंनी १/२ + १/३ हे उदाहरण गटांत सोडवायला दिलं, अगदी प्रशिक्षणात सांगितलं तसंच. एका गटाचं उत्तर आलं २/५. आणखी तीन गटांचंही तेच. बाई हातात खडू घेऊन क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग फळा पुसला आणि म्हणाल्या, "चला, नियम लिहून घ्या."

नंतर मला म्हणाल्या, "सर, चुकीचं उत्तर आलं की पुढे काय विचारायचं, हे त्या दोन दिवसांत कुणी सांगितलंच नाही."

अडलं होतं ते एवढंच. आम्ही दोघांनी बसून एक प्रश्न काढला: अर्ध्यात भर घातली, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं? दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीत बाईंनी तो विचारला. घंटा झाली तरी मुलं कागदाच्या पट्ट्यांना घड्या घालून एकमेकांशी भांडत होती.

मुख्याध्यापकांचं पालुपद मात्र एकच, पन्नाशीनंतर माणूस बदलत नाही. बाईंच्या गोपनीय अहवालात त्यांनी 'नवीन पद्धतीस प्रतिकूल' असा शेरा मारला. तो चूक होता, हे मी तेव्हाही त्यांना तोंडावर सांगितलं.

प्रशिक्षणात ऐकलेलं वर्गात उतरायला मागाहून कुणाची तरी सोबत लागते, हे अमेरिकेतले शिक्षण-संशोधक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स १९८० च्या दशकापासून मांडत आले. जपानमध्ये शिक्षक एक पाठ मिळून आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे लक्ष ठेवतात आणि मग पाठ दुरुस्त करतात. त्याला 'जुग्यो केनक्यू' म्हणतात. तुम्ही निदान एका विषयाच्या शिक्षकांना आठवड्यातून एक तास एकत्र मोकळा द्या, आणि कुणी रजेवर असलं तरी त्या तासाला हात लावू नका. त्यात पाहिलेलं गोपनीय अहवालात तर अजिबात जाता कामा नये, नाहीतर तुम्ही आलात की सगळे ठरवून बसवलेला पाठ दाखवतील.

कामचुकार शिक्षकही असतात, नाही असं नाही. त्यांना लेखी समज द्यावीच लागते, पण वर्षभर सोबत करून झाल्यावर. आमच्या मुख्याध्यापकांनी तो शेरा बाईंच्या वर्गात एकदाही न बसता लिहिला होता.