वडील ८२ वर्षांचे, चार डॉक्टर चालू आहेत, तरी खंगत चाललेत. कोल्हापुरात आणखी कोणाला दाखवावं?

हृदयाचे, साखरेचे, लघवीचे, गुडघ्याचे असे चार डॉक्टर, वर्षभरात घटलेलं वजन आणि दोनदा पडणं, असं तुम्ही लिहिलंय. पाचवा डॉक्टर शोधण्याआधी या चौघांचं आपसात बोलणं होतंय का, ते बघा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, इथेच घरोघरी जाऊन थकलेल्या वृद्धांकडून व्यायाम करून घेते.

मंगळवार पेठेतले एक आजोबा पहाटे लघवीला उठले की तोल जायचा. पाय बळकट करायला मला बोलावलं होतं. आडवे असताना वरचं बीपी १४०, उभं केल्यावर दोन मिनिटांनी ११०! उभं राहिल्यावर २० किंवा जास्त उतरलं, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. बीपीची गोळी एकांनी दिलेली, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन दुसऱ्यांनी, झोपेची तिसऱ्यांनी. टॅमसुलोसिननेही बीपी उतरतं. मी तिथूनच फिजिशियनना फोन लावला, ते युरॉलॉजिस्टशी, म्हणजे लघवीच्या डॉक्टरांशी, बोलले. डोस बदलले, झोपेची गोळी हळूहळू बंद केली. मगच मी त्यांना खुर्चीतून उठबस करायला लावलं.

वजन मात्र कवळीमुळे घटत होतं. ती सैल झाल्यापासून भाकरी आणि मटण सुटलेलं, नुसत्या आमटी-भातावर भागवायचे. सुनेला सगळं ठाऊक होतं, तिला कोणी विचारलंच नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी कवळी नीट करून दिली, आहारतज्ज्ञांनी साखर सांभाळून अंडी, दूध, उसळी वाढवल्या. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची पुस्तिकाही आधी चालणं, खाणं, दिसणं, ऐकणं, स्मरण आणि मन तपासायला सांगते, ते मला फार पटतं.

तुमच्या चौघांपैकी एकांना, शक्यतो सगळी औषधं बघणाऱ्या फिजिशियनना, मुख्य माना. घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा, पिशवीत भरून त्यांच्या टेबलावर ठेवा. "बाकीच्या डॉक्टरांशी तुम्ही बोलाल का?" असं स्पष्ट विचारा. ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवा. त्यात ५ लाखांपर्यंतच्या उपचारखर्चाचं सरकारी संरक्षण आहे, पण ॲडमिट झाल्यावरच.

आणि एक वही करा. कोणीही डोस बदलला की त्यातच लिहून घ्यायचा. पहिल्या पानावर, वडील दोन्ही वेळा पडले तेव्हा किती वाजले होते, कुठून उठले होते आणि आधी कोणती गोळी घेतली होती, तेवढं आजच लिहा.