'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणं की पदवी घेणं?

तुम्ही रेझ्युमेत 'आय पास्ड आउट इन २०१८' लिहिलंत आणि मित्र म्हणाला की याचा अर्थ 'मी बेशुद्ध पडलो' असा होतो. मग खरं काय, आणि असे फ्रेजल व्हर्ब, म्हणजे 'आउट', 'अप' असं शेपूट लागून अर्थ बदलणारी इंग्रजी क्रियापदं, पाठ कसे करायचे, असं तुम्ही विचारलंय.

तुमचा मित्र अर्धंच सांगतोय. हे मी ठासून सांगते, कारण याच वाक्यावरून भर मुलाखतीत माझी टिंगल झाली होती.

२००८ साल. नागपूर विद्यापीठाची पदवी घेऊन मी पुण्यात नोकरी शोधत होते. रेझ्युमेची दुसरीच ओळ होती, 'पास्ड आउट इन २००७'. समोरच्या तिघांपैकी मधल्यानं ती मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "मग शुद्धीवर कधी आलात?" बाकीचे दोघं हसले. मला काही कळेना. "काय म्हणून राहिले सर?" असं तोंडातून निघून गेलं, तर त्यावर पुन्हा हसू. नोकरी गेली त्याचं इतकं नाही, पण तेव्हा उत्तर सुचलं नाही हे फार डाचलं.

दिवाळीत नागपूरला, महाल भागातल्या घरी आले तेव्हा बाबांना सांगितलं. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे आणि एनसीसी बघायचे. त्यासाठी ते कामठीच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत कोर्स करून आले होते. एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षक-प्राध्यापकांना तिथे तयार करतात. बैठकीत त्यांचा तिथला फोटो आहे. तीन रांगा, कडक इस्त्रीची खाकी, बाबा मधल्या रांगेत डावीकडून चौथे. खाली पांढऱ्या अक्षरांत 'पासिंग आउट परेड'. मी ती अक्षरं लहानपणापासून रोज वाचत आले, माझ्या रेझ्युमेत तो शब्द आला तो तिथूनच. बाबांनी फोटो खाली उतरवला, सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली आणि म्हणाले, "आम्ही सगळे त्या दिवशी चक्कर येऊन पडलो होतो का?"

मुद्दा एवढाच आहे. प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं, हा 'पास आउट'चा अर्थ ब्रिटिश लष्करी इंग्रजीतला आहे आणि इंग्रजी शब्दकोशांत तो दिलेला असतो. खडकवासल्याच्या एनडीएतही पासिंग आउट परेडच होते. आपण तो शब्द परेडच्या मैदानावरून कॉलेजात आणला. नोकरीच्या जाहिरातीत '२०२४ पासआउट' छापलेलं असतं, तेव्हा कोणी बेशुद्ध उमेदवार मागवत नाही. भारतात हे रुळलेलं इंग्रजी आहे, अडाण्याचं नव्हे.

आता पाठ करण्याचं. पाचशे फ्रेजल व्हर्बांची यादी घोकू नका, काहीही उपयोग नाही. मराठीत आपण 'पैसे उडवले', 'पूल उडवून दिला' आणि 'त्यानं माझं म्हणणं उडवून लावलं' म्हणतो. क्रियापद एकच, शेपूट बदललं की अर्थ बदलला. हे आपल्याला कोणी यादी करून शिकवलं नाही, वाक्यांतून आलं. 'पास'चंही तसंच. 'पास अवे' म्हणजे वारणं, 'पास अप' म्हणजे चालून आलेली संधी सोडणं. 'पास आउट द पेपर्स' म्हणजे कागद वाटणं, आणि तिथे 'देम' वापरायचं झालं तर ते मधे बसतं, 'पास देम आउट'. पूर्ण वाक्यच लक्षात ठेवा. आणि नागपूरचं 'करून राहिलो' ऐकून नाक मुरडणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे, ते आमच्याकडचं चालू काळाचं शेपूट आहे, त्यात चुकलेलं काही नाही.

एक मात्र राहिलं. रेझ्युमे बाहेरदेशी जाणार असेल तर सरळ 'ग्रॅज्युएटेड इन २०१८' लिहा. तिकडे कॉलेजच्या बाबतीत 'पास आउट' म्हणत नाहीत, अगदी इंग्लंडमध्येही, आणि वाचणाऱ्याला आधी चक्कर येणंच आठवेल. इथल्या कंपनीसाठीही मी आता 'ग्रॅज्युएटेड'च लिहिते.

पण जुना रेझ्युमे कुठे पोचला असेल आणि समोरचा हसलाच, तर मान खाली घालू नका. पासिंग आउट परेड कशाला म्हणतात, एवढं त्याला विचारा. मला त्या मधल्या खुर्चीतल्या साहेबांना हेच विचारायचं होतं.