भारतात डेटा जगात स्वस्त म्हणतात, मग गरीब घरांना इंटरनेट अजून का परवडत नाही? काय करता येईल?

प्रति जीबी दर पाहून फसू नका. गरीब घराला जीबी नाही, रिचार्ज परवडावा लागतो. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटाचे दर कोसळले हे खरंच, पण जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले. घरात तीन फोन असतील तर तीन रिचार्ज, आणि मजुरी रोजची असताना पैसे महिन्याचे एकरकमी.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे पीएम-वाणी, सार्वजनिक वायफायची केंद्र सरकारची योजना. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत किराणावाला, चहावाला कुणीही वायफाय विकू शकतो. परवाना नको, शुल्क नको. पाच-दहा रुपयांत दिवसभराचं नेट देणं त्यातून शक्य होतं. मग अडलं कुठे? कंपन्या दुकानदाराला साधं घरगुती ब्रॉडबँड न देता महागडी लीज्ड लाइन (एकाच ग्राहकासाठी राखीव जोडणी) घ्यायला सांगत. एवढ्या खर्चात टपरीवाला काय कमावणार! जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने यावर मर्यादा घातली: २०० एमबीपीएस वेगापर्यंतच्या जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारायचं नाही. याची अंमलबजावणी नीट व्हायलाच हवी.

भारतनेट या सरकारी योजनेतून इंटरनेटची फायबर केबल ग्रामपंचायतीपर्यंत नेली जाते. ती तिथून शाळेत, दवाखान्यात, वाडीवर गेली पाहिजे, आणि देखभालीचे पैसे वेगळे ठेवले पाहिजेत. केबल तुटल्यावर आठवडे कुणी फिरकलं नाही, तर फुकट जोडणीही काय कामाची?