लोकलमध्ये वरची कडी धरली की बोटं बधिर होतात. मानेचा एक्स-रे काढू का?

एक्स-रेची घाई नको. आधी नेमकी कोणती बोटं बधिर होतात ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, करंगळी मात्र ठणठणीत असेल, तर मनगटात मिडियन नावाची नस (मज्जातंतू) दबत असण्याची शक्यता जास्त. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, हीसुद्धा त्याचीच खूण. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपराकडची नस तपासावी लागते. मान वळवली की कळ हातात उतरते? मग मानेचा विचार करायचा.

घरी एक करून बघा. दोन्ही पंज्यांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून, मनगटं वाकवून मिनिटभर धरा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो (नाही आल्या म्हणून सुटलात असं नाही).

झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावा, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होत असेल किंवा हातातला कप निसटत असेल, तर थेट मुंबईतल्या केईएम किंवा सायन हॉस्पिटलची ऑर्थो (हाडांची) ओपीडी गाठा. केसपेपरची रांग लांब असते, सकाळी लवकर निघा.