बोर्डावर काय लिहायचं, परमाणु भौतिकी की अणुभौतिकी?

प्रश्न असा आलाय की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या पोरांना गल्लीतल्या भावाच्या अभिनंदनाचा डिजिटल बोर्ड लावायचाय, भावानं न्यूक्लिअर अँड पार्टिकल फिजिक्समध्ये पीएचडी मिळवलीय, आणि 'परमाणु भौतिकी' की 'अणुभौतिकी' यावरनं तालमीत दोन पार्ट्या पडल्यात.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको.

'परमाणु' आधी निकालात काढू. हे हिंदीतनं आलेलं आहे. हिंदीत अ‍ॅटमला परमाणु आणि मॉलिक्यूलला अणु म्हणतात, आपल्याकडं अ‍ॅटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू, म्हणून तर एकच संस्था हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र आणि मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र. हल्ली चॅनेलवाले हिंदी कॉपी समोर ठेवून मराठी बातमी पाडतात त्यामुळं 'परमाणु करार', 'परमाणु हल्ला' सुरू झालंय. शब्द मुळात आपला नाही असं नव्हे, वैशेषिक ह्या आपल्या जुन्या दर्शनात, म्हणजे तत्त्वज्ञानात, दोन परमाणूंचं द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक असा सगळा हिशोब आहे, पण शाळेत अणू-रेणू शिकलेल्या माणसापुढं परत परमाणू आणून ठेवला की त्याला वाटतं हा अणूपेक्षा बारका कायतरी वेगळाच प्रकार असणार.

आता 'अणुभौतिकी'. शब्द मराठी आहे, शुद्ध आहे, फक्त तो दुसऱ्या विषयाचा आहे! अणुभौतिकी म्हणजे अ‍ॅटॉमिक फिजिक्स, त्यात मुख्यतः बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचं राज्य, वर्णपट, लेसर वगैरे. न्यूक्लिअरवाला त्याच्या पार आत, केंद्रकात शिरलेला असतो, जे रदरफर्डनं 1911 मध्ये दाखवून दिलं. अणू खासबागच्या कुस्ती मैदानाएवढा धरला तर केंद्रक मधे पडलेल्या राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, आणि जवळजवळ सगळं वजन त्या दाण्यात. ऊर्जेतही जमीन-अस्मानाचा फरक, बाहेरचा इलेक्ट्रॉन हलवायला काही मोजके इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जा मोजायचं बारकं एकक) पुरतात, तेच युरेनियमचं एक केंद्रक फुटलं तर साधारण 20 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट बाहेर पडतात. मग अणुबॉम्ब, अणुभट्टी, अणुऊर्जा हे चूक का? तर्कानं बघायला गेलं तर हो, कारण ती ऊर्जा केंद्रकातनं येते, पण हे शब्द इतके रुळलेत की त्यांना हात लावायचं काम नाही. इंग्रजीतही अ‍ॅटम बॉम्बच म्हणतात की.

न्यूक्लियसला मराठीत कुठं अणुकेंद्र, कुठं अणुकेंद्रक, कुठं नुसतं केंद्रक लिहिलेलं सापडेल. पेशीतही केंद्रक असतं, त्यामुळं एकटं 'केंद्रकीय' वाचून कुणी बायोलॉजी समजायला नको, म्हणून मी 'अणुकेंद्रकीय' घेईन.

पार्टिकलसाठी 'मूलकण' सुचवलाय कुणीतरी. छान आहे, पण जरा अडचणीचा. मूलकण म्हणजे ज्याच्या आत आणखी बारकं काही नाही असा कण. प्रोटॉन एकेकाळी मूलकण होता, 1964 मध्ये त्याच्या आतल्या क्वार्क नावाच्या कणांची कल्पना आली, पुढं प्रयोगांनी ती पक्की केली आणि प्रोटॉनचं मूलपण गेलं. 'कण' म्हटलं की हा वादच मिटतो.

ह्या क्षेत्रात नावावरनं भांडायची परंपरा जुनीच आहे बरं का, तालमीतल्या पोरांनी वाईट वाटून घेऊ नये. वजनानं इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनच्या मधला म्हणून एका कणाला 'मेसोट्रॉन' म्हणत होते, तर 1939 मध्ये होमी भाभांनी 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात लिहिलं की ह्यातला 'ट्र' फुकटचा आहे, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉनमध्ये तो मूळ शब्दातलाच असतो, ग्रीक 'मेसो'त नाही, तेव्हा नुसतं 'मेसॉन' म्हणा. आणि मेसॉनच टिकला! गंमत म्हणजे तेव्हा ज्या कणावरनं हे चाललं होतं त्याला आज म्युऑन म्हणतात आणि तो मेसॉनांत मोजतच नाहीत. ही असली नावं मराठीत आहेत तशीच ठेवायची, बोसॉन तर सत्येंद्रनाथ बोसांच्या नावावरनंच आलाय, त्याचं भाषांतर काय करणार.

तर बोर्डावर 'अणुकेंद्रकीय व कणभौतिकी' लिहा, 'भौतिकी' जड वाटली तर शेवटी 'भौतिकशास्त्र' चालेल. एकटा असताना 'अणू' दीर्घ, समासात पुढं आला की 'अणु' ऱ्हस्व, हे बोर्डवाल्याला आधी सांगून ठेवा. फोटोंच्या गर्दीत जागा उरली नाही तर 'केंद्रकीय व कणभौतिकी' एवढ्यावर भागवा, आणि खाली 'विषय हार्ड' टाकणार असाल तर ह्या वेळी ते अक्षरशः खरं आहे.