आधी त्याच्या बाकावर बस

प्रिय पोरी,

पत्र मिळालं. तुझ्या वर्गात आठ वर्षांचा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला मुलगा आलाय, प्रार्थनेचा स्पीकर लागला की कान झाकून पळतो, आणि त्याला शिस्त कशी लावू, असं तू विचारतेस. शिस्तीचं नंतर बघू. आधी त्याच्या बाकावर पाच मिनिटं बस, खरोखर बस. पंख्याची कटकट, खिचडीची फोडणी, शेजारच्या वर्गातले पाढे, मानेला टोचणारं शर्टाचं लेबल. आपलं डोकं यातलं बरंचसं आपोआप गाळून टाकतं. त्याच्यावर हे सगळं एकदम येऊन आदळत असेल. 2013 साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं निदानाच्या निकषांतच ही गोष्ट घातली. काहींचं उलटंही असतं, गुडघा फुटला तरी जाणवत नाही. तेव्हा रडला नाही म्हणजे लागलं नाही, असं धरू नकोस.

माझी चूक सांगते. मी सांगलीत वर्गावर होते तेव्हा असाच एक मुलगा होता. हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ म्हणायचे. बघायचा बिचारा. मोठा झाल्यावर त्यानंच सांगितलं, ‘बाई, डोळ्यांत बघितलं की तुमचं बोलणं ऐकू यायचं नाही.’ आणि मी प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारत होते!

तोच मुलगा मधेच मिरज स्टेशनवरची घोषणा म्हणायचा, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’, अगदी त्याच सुरात. आम्ही शिक्षक हसायचो. अर्थ त्याच्या आईनं लावला. आजोळची गाडी मिरजेहून सुटायची. घोषणा म्हणजे ‘मला इथून जायचंय’. तुझा विद्यार्थी तुलाच ‘तुला पाणी पाहिजे का?’ असं विचारेल, तेव्हा तहान त्याला लागलेली असेल. पाणी मिळताना त्यानं हेच वाक्य ऐकलेलं असतं ना.

आपल्या बोलण्याचंही बघ. ‘दोन मिनिटांत आले’ म्हणून आपण अर्ध्या तासानं उगवतो. तो घड्याळ बघत बसतो, तिसऱ्या मिनिटाला त्याचा धीर सुटतो, आणि हट्टी कोण ठरतं? डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक. त्यांनी 2012 मध्ये मांडलं की न समजणं दोन्हीकडून असतं. मला हे निवृत्त झाल्यावर वाचायला मिळालं.

त्याच्या आईशी जपून बोल. लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञांनी 1943 साली अशा अकरा स्वमग्न मुलांचं वर्णन छापलं, त्यानंतर कितीतरी वर्षं आईच्या कोरड्या वागण्याला दोष दिला गेला. तो समज केव्हाच खोटा ठरलाय. आपल्याकडे आता ‘मोबाईल दिला म्हणून झालं’ म्हणतात. ते तिनं आधीच चार जणांकडून ऐकलं असणार.

हात फडफडवत असेल तर फडफडवू दे, कुणाला लागत नाही ना? अनावर झाला तर समजावत बसू नकोस; बोलणं थांबव, बाकीच्या पोरांना लांब कर, न विचारता धरू नकोस. गणपतीत ढोल येणार असतील तर आदल्या दिवशी चित्र काढून सांग, आणि कुठे जाऊन बसता येईल तेही दाखव.

सोमवारी प्रार्थनेला त्याला स्पीकरपासून लांब, मैदानाच्या टोकाला उभा कर. पळाला नाही तर कळव. पळाला तरी कळव, आणि पळून कुठे जाऊन थांबला, ते नीट बघून लिही.

तुझी,
बाई